गृहभेटीत आई बाळाशी बोलायला कशी लागते: सेविका आणि आशाताईंसाठी

अंगणवाडी सेविका, आशाताई, संस्थांमधून वस्त्यांवर जाणाऱ्या ताया, तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय, घरात तान्हं बाळ असलेल्या कुणी वाचलं तरी उपयोगी पडेल. ट्रेनिंगमध्ये आपल्याला सांगतात की शून्य ते तीन वयाच्या बाळाच्या घरी जा आणि आईला सांगा, बाळाशी बोला, बाळाशी खेळा. आपण जातो, सांगतो, वजन-उंची घेतो, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भेट भरतो आणि पुढच्या घरी निघतो. आई मान हलवते, "हो मॅडम" म्हणते, आणि आपली पाठ वळली की परत तेच, "गप बस", "इकडं ये", "ते ठेव खाली", "खा ना लवकर". यात तिची काही चूक नाही हो. बोला म्हणजे काय बोला, कधी बोला, जे बाळ अजून बोलतच नाही त्याच्याशी बोलायचं तरी कसं, हे तिला कुणी करून दाखवलेलं नसतं, आणि तिच्याकडून करून तर कुणीच घेतलेलं नसतं. सांगून बोलणं बदलत नाही, करून घेतलं की बदलतं, आणि ते करून कसं घ्यायचं तेच खाली लिहिलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, भेटीत बाळाशी खेळायचं ते आईनं. आपल्याला लहान मुलं आवडतात म्हणून तर आपण या कामात आलो, त्यामुळं बाळ दिसलं की आपणच पुढं सरकतो, टाळ्या वाजवतो, गाणं म्हणतो, बाळ खुदकन हसतं, घरचे सगळे जमतात, मस्त वाटतं. आणि आई भिंतीला टेकून बघत बसते. तिच्या मनात एवढंच पक्कं होतं की हे मॅडमला छान जमतं, आपल्याला काय येतंय. म्हणून बसायची जागा ठरवून घ्या: बाळ आणि आई समोरासमोर, किंवा बाळ आईच्या मांडीवर, आणि तुम्ही आईच्या बाजूला, थोडं मागं. पिशवीतून खेळणं काढलं की ते आईच्या हातात द्या, बाळाच्या हातात देऊ नका. काही दाखवायचंच असेल तर एकदाच, थोडक्यात, आणि लगेच "आता तुम्ही करा वहिनी". बाळ तुमच्याकडं येणारच, नवीन माणूस, नवीन पिशवी, मग त्याला "आईला दाखव, आईला दे" म्हणून परत वळवा. पहिल्या दोनचार भेटींत हे फार अवघड जातं, हात शिवशिवतात, पण इथं स्वतःला आवरलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

ही पद्धत कुठून आली ते सांगते, कारण "हे शिकलेल्या शहरी लोकांचं" असं घरचेही म्हणतात आणि कधी कधी आपल्यालाही वाटतं. जमैका देशात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली, वय ९ ते २४ महिने. काही बाळांना दर आठवड्याला दुधाची पावडर दिली, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका गेली, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही, असं दोन वर्षं. त्या सेविका म्हणजे तिथल्याच बायका, आपल्या आशाताईंसारख्या. खेळणी रिकाम्या बाटल्यांची, खोक्यांची, चिंध्यांची. मुलं मोठी झाल्यावर, साधारण बावीस वर्षांची असताना, त्यांना परत शोधून काढलं तर ज्यांच्या घरी या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा जवळपास २५ टक्के जास्त निघाली, २०१४ साली हे 'सायन्स' या मासिकात छापून आलं. नुसत्या पावडरचा इतका लांबचा फायदा दिसला नाही. आता यातून टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, नको असं कुणी काढू नका, पोटात काही नसेल तर बाळ खेळणार कसं, पण पाकीट हातात दिलं की भेट झाली असंही धरू नका.

त्याच जमैकात आधी हेही बघितलं होतं की भेटी किती दिवसांनी केल्या की फरक पडतो. महिन्यातून एकदा गेलं तर जवळजवळ काहीच फरक नाही, पंधरा दिवसांनी गेलं तर थोडा, आठवड्याला गेलं तर चांगला. आपल्यासाठी ही अडचणीचीच गोष्ट आहे कारण आशाताईंच्या एचबीवायसीच्या (लहान बाळांच्या घरी जाऊन काळजी घेण्याचा सरकारी कार्यक्रम) भेटी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात पाच, आणि सेविकेच्या मागं तर रजिस्टरं, आहार, सर्वे, सगळंच. माझं मत स्पष्ट सांगते, गावातल्या सगळ्या घरी महिन्यातून एकदा पाच मिनिटं उभ्या उभ्या जाण्यापेक्षा जिथं खरी गरज आहे अशी थोडी घरं निवडा आणि तिथं काही महिने दर आठवड्याला जा, बाकीच्या आयांना गटात घ्या. गटातही हे जमतं बरं का. ओडिशात कटक शहरातल्या झोपडपट्ट्यांमध्ये ४२१ बाळं घेऊन जमैकाची पद्धत वापरली, दीड वर्ष दर आठवड्याला स्थानिक बायका घरी जात होत्या, आणि ज्यांच्या घरी गेल्या त्या बाळांच्या आकलनात चांगला फरक पडला. नंतर ओडिशाच्याच ग्रामीण भागात १९२ गावांमध्ये घरभेट आणि आया-बाळांचे गट असं दोन्ही करून बघितलं तर गटातल्या बाळांनाही साधारण तेवढाच फायदा झाला आणि खर्च कमी आला. आपल्याकडं आयसीडीएस (अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना), युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या 'आरंभ' या लहान बाळांच्या विकासाच्या कार्यक्रमातले पालक मेळावे तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी घेतलेत, म्हणजे गट आपल्याला नवीन नाही. आणि घरी जाणं तर आपल्या कामाच्या मुळातच आहे, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच केलं, पोरं शाळेत येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ.

आता मुद्द्यावर येऊ, आईच्या बोलण्यात बदलायचं काय? जास्त शब्द हवेत हे खरंच, पण शब्द कशाबद्दल आहेत ते जास्त महत्त्वाचं. कामाच्या घाईतल्या आईचं बाळाशी बोलणं बहुतेक हुकुमाचं असतं, ये, बस, सोड, नको, हात लावू नको. ते लागतंच, चुलीजवळ रांगणाऱ्या पोराला काय वर्णन सांगत बसायचं का. पण दिवसभर फक्त तेवढंच असेल तर बाळाला वस्तूंची नावं मिळत नाहीत, आणि त्याहून मोठं म्हणजे आपण आवाज काढला, बोट दाखवलं की समोरून काहीतरी परत येतं हा अनुभव मिळत नाही. म्हणून भेटीत आपल्याला चार सवयी रुजवायच्या असतात: बाळ जिकडं बघतंय तिकडं आपण बघायचं, त्या वस्तूचं नाव घ्यायचं, मग गप्प थांबायचं, आणि बाळाने काही केलं किंवा आवाज काढला की त्याला उत्तर द्यायचं, जमलं तर एखादा शब्द वाढवून. लिहायला सोपं आहे पण यातलं थांबणं भल्याभल्यांना जमत नाही.

प्रत्यक्षात कसं होतं ते एका घरातलं सांगते. मुलगा दीड वर्षाचा, आई ओट्यावर बसून मेथी निवडत होती, आत सासूबाई. पोराने एक काडी उचलली आणि तोंडाकडं नेली. "टाक. घाण ती. टाक म्हणते ना." टाकली. दुसरी उचलली, आईच्या नाकासमोर धरली, "आ!" आई मान वर न करता "हं". परत "आ!" मी म्हटलं, वहिनी, तो काय दाखवतोय बघा तरी. तिने बघितलं, मला म्हणाली, "काडी हाय." म्हटलं मला नका सांगू, त्याला सांगा. ती लाजली, आत सासूबाईंकडं एक नजर टाकली, पदर सारखा केला आणि पोराकडं बघून हळूच म्हणाली, "काडी. मेथीची काडी." आणि लगेच पुढचं बोलायला तोंड उघडलं तर मी नुसता हात वर केला, थांबा. मनात एक ते पाच मोजले. तेवढा वेळ त्या ओट्यावर कुणीच बोलत नव्हतं आणि तिला ते फार अवघड जात होतं ते दिसत होतं. पोरगं काडीकडं बघतंय, आईच्या तोंडाकडं बघतंय, आणि मग "का". आई एकदम, "हां, काडी! टाक इकडं, पाटीत टाक." त्याने पाटीत टाकली. मग दुसरी, "का", "ही काडी मोठी हाय, टाक." मग त्याने पान उचललं आणि परत "का" म्हणाला, आई हसत म्हणाली, "नाय रे, हे पान. पान." अख्खी जुडी होईपर्यंत हे चाललं, आतून सासूबाई बाहेर येऊन बसल्या.

यात मी काय केलं म्हणाल तर तीन वाक्यं बोलले आणि एकदा हात वर केला. निघताना मात्र तिला नेमकं सांगितलं, "तुम्ही थांबलात ना वहिनी, म्हणून तो 'का' बोलला." कौतुक करायचं ते असं करा. नुसतं "छान करताय हं" म्हटलं की आईला बरं वाटतं पण उद्या परत काय करायचं ते कळत नाही. तिने काय केलं आणि त्यामुळं बाळाने काय केलं, हे दोन्ही एका वाक्यात जोडून सांगा, तेवढं ती विसरत नाही. आणि हे सासूबाईंना किंवा नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा, घरात तिचं कौतुक फार कमी वेळा होतं.

भेटीचा साधारण क्रम म्हणाल तर, गेल्या गेल्या पाणी-चहा, घरातलं बरं-वाईट, कोण आजारी आहे का, हे विचारल्याशिवाय पिशवी उघडू नका. मग मागच्या वेळचं खेळणं कुठाय, काय काय केलं त्याने त्याच्यासोबत, आणि ती सांगेल ते नीट ऐकून घ्या, तिला बोलू द्या, कारण जिचं कुणी ऐकत नाही ती बाळाचं ऐकायला कशी शिकणार. मग नवीन खेळ, आईच्या हातून. मग एखादं गाणं किंवा हातावरचा खेळ, तो शक्यतो त्याच घरातला. आणि शेवटी या आठवड्यात रोजच्या कोणत्या कामात हे करायचं ते तिच्याच तोंडून ठरवून घ्या. खेळणं तिथंच ठेवा, पुढच्या वेळी बदला. खेळणी विकत आणायची गरज नाही आणि आणूही नका, कारण महागाचं खेळणं घरचे वर फळीवर ठेवून देतात, "मोडेल". पाण्याच्या बाटलीत चिंचोके घालून झाकण अगदी घट्ट, वरून चिकटपट्टी लावून, कारण चिंचोका बाहेर आला तर घशात अडकतो, जुन्या साडीची चिंधीची बाहुली, साबणाच्या-चहाच्या पुड्यांची खोकी एकावर एक रचायला, पाकिटांवरची चित्रं कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं छोटं पुस्तक. बाहुली सगळ्यात कामाची, कारण तिला जेवू घालायचं, निजवायचं, आंघोळ घालायची, म्हणजे बोलायला आपोआप विषय मिळतो.

पण खरी मेख खेळात नाहीये. कापूस वेचून, खुरपून, पाणी भरून आलेल्या बाईला "रोज अर्धा तास बाळासाठी काढा" म्हणणं हे मला पटतच नाही, तिच्याकडं तो अर्धा तास नसतोच आणि नाही जमलं की तिलाच अपराधी वाटतं. जी कामं बाळासोबत करावीच लागतात तिथंच बोलणं घाला. आंघोळीच्या वेळी: "हात दे. हा हात. आता दुसरा. पाणी कसंय, गरम गरम. पोटावर पाणी, पाठीवर पाणी." तेल लावताना बोटं मोजायची. कपडे घालताना "डोकं कुठं गेलं? आलं बाहेर!" भरवताना "वरण भात, ऊन आहे, फुंकर मारू? फू." गोठ्यात जाताना "गाय काय करते? चारा खाते. ते बघ शेपटी." एका आठवड्याला एकच काम ठरवा. या आठवड्यात फक्त आंघोळ, बस. आई हे एकदा आंघोळीला करायला लागली की पुढच्या आठवड्यात ती स्वतःच सांगते की काल मी कपडे वाळत घालताना पण केलं.

मंमं, भूभू, जोजो, हम्मा असं बोबडं बोलावं का, हे नेहमी विचारतात. बोला की. लांबवलेला, चढ-उताराचा, गोड आवाज बाळाचं लक्ष धरून ठेवतो. अमेरिकेत सिअॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी आईबापांना बाळ ६, १० आणि १४ महिन्यांचं असताना असं बोलण्याचं आणि बाळाशी आळीपाळीने बोलण्याचं मार्गदर्शन केलं, त्यांच्याच घरातली रेकॉर्डिंग वापरून, तर दीड वर्षाचं होईपर्यंत त्या मुलांकडं साधारण १०० शब्द होते आणि ज्यांना मार्गदर्शन नव्हतं त्यांच्याकडं साधारण ६०. फक्त एक करा, बोबड्या शब्दाला खरा शब्द जोडत चला, "भूभू आला, कुत्रा आला".

आता घरच्यांकडून हमखास जे ऐकायला मिळतं त्याबद्दल. "घरात एवढी माणसं बोलतात, त्याच्या कानावर पडतंच की." पडतं, पण कानावर पडणं आणि त्याला उद्देशून बोलणं यात फरक आहे. २०१३ साली ॲड्रियाना वाइसलेडर आणि ॲन फर्नाल्ड यांनी अमेरिकेतली २९ स्पॅनिश बोलणारी, कमी उत्पन्नाची कुटुंबं घेतली, १९ महिन्यांच्या बाळांच्या अंगावर छोटा रेकॉर्डर लावून दिवसभराचं बोलणं मोजलं. एका बाळाशी दिवसात १२,००० च्या वर शब्द बोलले गेले आणि एका बाळाशी फक्त ६७० च्या आसपास, आणि ही सगळी एकाच थरातली घरं बरं का. ज्यांच्याशी थेट जास्त बोललं गेलं त्यांचे शब्द दोन वर्षांच्या वयात जास्त होते, आजूबाजूला नुसतं बोलणं चालू असण्याने तसा फरक पडला नाही. म्हणजे टीव्हीवर दिवसभर सिरियल चालू आहे, त्याचा उपयोग नाही. मोबाइलचं तर काय सांगू, जेवताना हातात मोबाइल दिला की पोरगं मुकाट्याने खातं हे खरंय, पण भरवण्याची ती वीस मिनिटं बोलण्याची सगळ्यात चांगली वेळ होती ती गेली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको.

दुसरं, "फार कौतुक करू नये, दृष्ट लागते" किंवा "फार बोललं की लाडावतं". याची खिल्ली उडवायची नाही आणि वादही घालायचा नाही. सेनेगल देशात वोलोफ बोलणाऱ्या खेड्यांमध्ये तर बाळाशी फार बोललं, डोळ्यात बघून बोललं की वाईट शक्ती बाळाच्या मागं लागते अशी समजूत होती. तिथं 'टोस्टन' नावाच्या संस्थेने गावातच राहणाऱ्या कार्यकर्त्यांकडून गटात बैठका आणि घरी भेटी असं काम केलं, लोकांच्या भाषेत, लोकांना त्यांची काळजी बोलून दाखवू देऊन, आणि वर्षभराने रेकॉर्डिंग तपासलं तर कार्यक्रमाच्या गावांमध्ये बाळाशी बोलणं जवळपास दुप्पट झालं होतं. आपल्याकडं तीट लावून बोला म्हणावं, काळा टिळा राहू दे, धागा राहू दे, आपलं काय जातंय. बोलणं सुरू होणं महत्त्वाचं.

सासूबाई म्हणतील, "आमच्या वेळी कुठं होतं हे, पोरं आपसूक बोलली." तिथं सरळ त्यांनाच कामाला लावा. "काकू, तुम्ही तुमच्या पोरांना काय म्हणायचात? चिऊ-काऊची गोष्ट कशी सांगायचात?" त्या सुरू झाल्या की थांबत नाहीत, त्यांच्याकडं हातावरचे खेळ, चांदोमामा, पाळण्यातली गाणी सगळं असतं आणि ते सुनेला माहीत नसतं. म्हणजे आपण बाहेरून काही आणलंच नाही, घरातलंच परत वापरात आलं, आणि सासूबाई विरोधात जायच्या ऐवजी तुमच्या बाजूच्या झाल्या. बापालाही घ्या, संध्याकाळी गाडीवर फेरी मारताना "ट्रॅक्टर बघ, लाल ट्रॅक्टर" एवढं त्याला जमतंच. बीडकडच्या ऊसतोडीच्या कुटुंबांमध्ये आई पहाटेच फडात जाते आणि बाळ आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडं किंवा म्हातारीकडं असतं, तिथं आईची वाट बघत बसू नका, ज्याच्या कडेवर बाळ आहे त्याच्याबरोबर भेट करा. बहिणी तर फार पटकन शिकतात.

भाषेचं एक फार मनापासून सांगते. आपण प्रमाण मराठी बोलतो म्हणून आई आपल्यासमोर बाळाशी अडखळत "शुद्ध" बोलायला बघते, किंवा कुठून तरी ऐकलेलं "कम, कम, सिट" सुरू करते, आणि दोन शब्दांत संपतं. नंदुरबारला पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया-गोंडी, तांड्यावर गोरमाटी, खानदेशात अहिराणी, जी भाषा आईच्या तोंडात आहे त्यातच तिला बाळाशी बोलू द्या. तिला हजार गोष्टी ज्या भाषेत सांगता येतात तीच बाळाला हवी. तुम्हाला ती येत नसेल तर उलट बरं, "याला तुमच्यात काय म्हणतात?" असं विचारा, आई शिकवणारी होते आणि तुम्ही शिकणाऱ्या. शाळेतली मराठी नंतर शिकता येते, आणि पहिली भाषा भक्कम असलेलं पोर ती चांगली शिकतं.

काही गोष्टी आयांना आपण नकळत चुकीच्या शिकवतो. बोला म्हटलं की त्या परीक्षा घ्यायला लागतात, "हे काय? सांग ना, हे काय? काकूंना नाव सांग, टाटा कर, बोल, बोल!" आणि पोरगं तोंड लपवतं. दहा वेळा सांगा आणि एकदा विचारा, असं मी सांगते. दुसरं भीती घालणं, बागुलबुवा येईल, पोलीस नेतील, डॉक्टर सुई टोचेल, आणि बऱ्याचदा "अंगणवाडीच्या मॅडम घेऊन जातील" पण, हे ऐकलं तर तिथल्या तिथं प्रेमाने थांबवा. तिसरं, गरीब घरातल्या आया कमी बोलतात म्हणून मुलं मागं पडतात, हे वाक्य. अमेरिकेत कॅन्सासमधल्या फक्त ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून १९९५ साली गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या कानावर पडणाऱ्या शब्दांत तीन कोटींच्या फरकाचा आकडा आला आणि जगभर फिरला, नंतर २०१८ साली दुसऱ्यांनी इतर समाजांमध्ये मोजलं तर तसं चित्र दिसलं नाही. तेव्हा कुठल्याच आईसमोर हा आकडा काढू नका. तिला कमी लेखून बाहेर पडलात तर पुढच्या आठवड्यात दार बंद मिळेल.

आणि सगळं करूनही एखादं बाळ बोलत नसेल तर आईच्या बोलण्याला दोष देत बसू नका, तपासणी करा. वर्षाचं होऊनही बाब्बा-दाद्दा असे आवाज नाहीत, नावाने हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवत नाही, दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द नाही, दोन वर्षांचं होऊन "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी बोलत होतं आणि आता बंद झालं, यातलं काहीही दिसलं तर आरबीएसकेच्या (मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीमला कळवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवा, आणि कान तपासायला लावाच. "मुलगे उशिराच बोलतात", "बाप पण उशिराच बोलला होता" असं म्हणून घरचे वर्ष घालवतात, तसं होऊ देऊ नका. बोलणं मात्र बंद करायचं नाही, उलट खुणा आणि हावभाव वाढवून चालूच ठेवायचं.

फरक पडतोय की नाही हे बघायला मशीन लागत नाही. भेटीत पाच मिनिटं गप्प बसा आणि दोनच गोष्टी मोजा: बाळाने कितीदा आवाज काढला किंवा काही दाखवलं, आणि त्यातलं कितीदा आईने उत्तर दिलं. तिच्यासमोर वहीत लिहू नका, ती परीक्षेला बसल्यासारखी होते, बाहेर रस्त्यावर आल्यावर लिहा. तारीख, ते दोन आकडे, या आठवड्याचं ठरलेलं काम कोणतं, कोणतं खेळणं ठेवलं, आणि आईने स्वतःहून सांगितलेली एखादी गोष्ट तिच्याच शब्दांत. पुढच्या आठवड्यात दारात शिरायच्या आधी तेवढं पान वाचा आणि तिच्या त्या गोष्टीपासूनच बोलायला सुरुवात करा.